भूकंपांच्या नोंदी हातात घेऊन आइसलंड

दिवस पहिला : रेक्याविक

ज्वालामुखीजवळचं भूकंपमापक एका प्रश्नाचं उत्तर चांगलं देतं आणि दुसऱ्याचं अर्धवट. शिलारस कुठे आहे आणि कुठल्या दिशेला सरकतोय, हे भूकंपांवरून कळतं. तो जमिनीबाहेर येणार का आणि नेमका कधी, हे फक्त भूकंपांवरून क्वचितच कळतं. हा मार्ग आखताना ही गोष्ट डोळ्यांपुढे ठेवली आहे. इथल्या प्रत्येक मुक्कामी भूकंपांनी वेगवेगळी मुदत दिली : कुठे दोन आठवडे, कुठे अर्धा तास.

केफ्लाविक विमानतळावरून रेक्याविकला येणारा रस्ता लाव्हाच्या काळ्या मैदानातून जातो, त्यामुळे लगेच बाहेर पडावंसं वाटतं. तरी पहिला दिवस खोलीत बसून नकाशे वाचण्यात घालवावा, पुढचे सगळे दिवस त्यावर उभे आहेत.

आइसलंडचं हवामान खातं, म्हणजे वेदुरस्तोवा, हवामानाबरोबर भूकंप आणि ज्वालामुखींवरही लक्ष ठेवतं. त्यांच्या भूकंपमापकांच्या जाळ्याचं नाव 'सिल'. दक्षिणेकडच्या सखल पट्ट्यातल्या भूकंपांसाठी १९९० च्या सुमारास ते सुरू झालं आणि मग देशभर पसरलं. प्रत्येक केंद्र सेकंदाला १०० नोंदी घेतं. भूकंप झाला की आधी वेगवान पी लहर पोहोचते, मग तिच्याहून हळू एस लहर. पृथ्वीच्या कवचात पी साधारण सेकंदाला ६ किमी आणि एस साडेतीन किमी धावते. म्हणून दोन्हींच्या आगमनातल्या सेकंदांना ८ ने गुणलं की नोंद घेणाऱ्या केंद्रापासून भूकंपाचं अंतर किमीमध्ये ढोबळपणे मिळतं. दीड सेकंदाचा फरक असेल तर १२ किमी. एका केंद्रावरून फक्त अंतर कळतं. दोन केंद्रांची वर्तुळं दोन ठिकाणी छेदतात, म्हणजे दोन शक्य जागा उरतात. तिसरं केंद्र आलं की जागा ठरते. खोली ठरवणं त्याहून अवघड, कारण त्यासाठी भूकंपाच्या जवळजवळ डोक्यावर एक तरी केंद्र लागतं. भूकंप ३ किमी खोल असेल आणि सगळ्यात जवळचं केंद्र २० किमीवर असेल, तर यादीत छापलेल्या खोलीवर फार विसंबू नये. ज्वालामुखीच्या बाबतीत तर खोलीच सगळ्यात महत्त्वाची.

खात्याच्या यादीत प्रत्येक भूकंपापुढे दर्जाचा आकडा असतो. तिथे ९९ असेल तर माणसाने नोंद तपासली आहे. त्याहून कमी असेल तर ती यंत्राने आपोआप काढलेली आहे. मोठ्या मालिकेत एका मिनिटात अनेक भूकंप एकमेकांवर चढतात, तेव्हा यंत्र एका भूकंपाची पी दुसऱ्याच्या एसशी जोडतं आणि नकाशावर भलत्याच ठिकाणी ठिपका उमटतो. एखादा एकटा ठिपका दूर हिमनदीखाली दिसला तर तो तपासला जाईपर्यंत धीर धरावा.

दुसरा आलेख सततच्या थरथरीचा, म्हणजे ट्रेमरचा. त्यात तीन पट्टे असतात : ०.५ ते १, १ ते २ आणि २ ते ४ हर्ट्झ. तो वाचायची आमची पद्धत अशी. टोकदार, क्षणभराचे सुळके म्हणजे सुटे भूकंप. फक्त सगळ्यात खालचा पट्टा बऱ्याच केंद्रांवर एकदम फुगला तर समुद्र खवळलाय. वरचे पट्टे हळूहळू वाढले तर आधी शेजारच्या हवामान केंद्राचा वारा बघावा, बहुतेक वेळा कारण तेच निघतं. वारा शांत असताना तिन्ही पट्टे एकाच भागातल्या दोन-तीन केंद्रांवर वाढले, तास उलटला तरी उतरले नाहीत आणि दूरच्या केंद्रांवर परिणाम कमी कमी होत गेला, तर मात्र जमिनीखाली काहीतरी वाहतंय. ते शिलारस असू शकतं, उकळतं पाणी असू शकतं, हिमनदीखालचा पूरही असू शकतो.

सुट्या भूकंपांतही दोन जाती ओळखता यायला हव्यात. खडक तुटल्याचा भूकंप झटक्यात सुरू होतो, त्यात पी आणि एस वेगळ्या दिसतात आणि तो लवकर विरतो. दीर्घ आवर्तनाचा भूकंप हळू सुरू होतो, साधारण ०.५ ते ५ हर्ट्झमध्ये घुमत राहतो आणि त्याची एस शोधावी लागते. भेगेत अडकलेला वायू किंवा द्रव घुमल्याने तो होतो. पहिली जात वाढली तर दाब वाढतोय. दुसरी जात उथळ भागात वाढली तर द्रव वरपर्यंत पोहोचल्याचा संशय घ्यावा.

दिवस दुसरा : फाग्राडाल्सफ्याट्ल

रेक्याविकहून दक्षिणेला उतरून ४२७ क्रमांकाच्या किनारी रस्त्याने गेलं की गाड्या लावायच्या जागा लागतात. तिथून पायवाटा २०२१ च्या लाव्हाकडे चढतात. जाड तळाचे बूट हवेत, कारण लाव्हाच्या कडेचे दगड काचेसारखे कापतात. लाव्हावर पाय ठेवू नये. वरचा पापुद्रा थंड दिसतो, पण आतली पोकळी कधी ढासळेल ते सांगता येत नाही. उद्रेक चालू असेल तर वारा पाठीवर घेऊन चालावं आणि खोलगट जागी थांबू नये, जड वायू तिथेच साचतात.

हे ठिकाण मुद्दाम आधी घेतलं आहे, कारण 'भूकंप वाढले की उद्रेक जवळ' हे समीकरण इथे मोडलं. २४ फेब्रुवारी २०२१ ला ५.७ तीव्रतेचा भूकंप झाला आणि केइलिर टेकडीपासून नैऋत्येकडे डाइक भरू लागली. डाइक म्हणजे शिलारसाने भरत जाणारी उभी भेग, मीटर-दोन मीटर रुंद आणि कित्येक किमी लांब. ही डाइक सुमारे ९ किमी लांब झाली. तीन आठवड्यांत ५०,००० हून अधिक भूकंप नोंदले गेले. ३ मार्चला ट्रेमरची एक लाट आली, उद्रेक आता काही तासांवर आहे असं सगळ्यांना वाटलं आणि काहीच झालं नाही. पुढे मार्चच्या मध्यानंतर भूकंप कमी होत गेले, जीपीएसवर दिसणारी जमिनीची हालचालही मंदावली. आणि १९ मार्चच्या रात्री पावणेनऊच्या सुमारास गेल्डिंगाडालिरच्या दरीत लाव्हा बाहेर आला. सुरुवात इतकी शांत होती की ट्रेमरमध्ये ती उठून दिसली नाही. आकाशातला लाल उजेड आणि कॅमेरे यांनी ती सांगितली. उद्रेक १८ सप्टेंबरपर्यंत चालला.

कारण समजून घेण्यासारखं आहे. हा डोंगर ज्या रेक्यानेस द्वीपकल्पावर आहे तिथे दोन भूपट्ट एकमेकांपासून तिरपे सरकतात, त्यामुळे कवचात शतकानुशतकं ताण साठतो. डाइक घुसली की तो ताण मोकळा होऊ लागतो आणि बहुतेक भूकंप त्यातून होतात. साठलेला ताण संपत आला की भूकंप ओसरतात. शिलारस मात्र तिथेच असतो. वरचा कच्चा, भेगाळलेला थर तोडायला त्याला फारसा जोर लागत नाही, म्हणून आवाजही होत नाही. इथे भूकंपांची घट हा धोका टळल्याचा पुरावा नव्हता.

दुसरा गोंधळ जागेचा. लोकांना जाणवलेले मोठे धक्के बऱ्याचदा डाइकवर झालेच नव्हते. डाइकने शेजारच्या उत्तर-दक्षिण भ्रंशांवरचा, म्हणजे कवचातल्या जुन्या तडांवरचा ताण बदलला आणि ते भ्रंश सरकले. असे चिथावलेले भूकंप मोठे आणि विखुरलेले असतात. डाइकच्या टोकाचे भूकंप लहान, दाटीवाटीचे आणि पुढे सरकत जाणारे असतात. नकाशावर फक्त ३ च्या वरचे भूकंप ठेवले तर डाइक दिसतच नाही. ती बघायची तर १ च्या आसपासचे भूकंप घ्यावे लागतात आणि त्यांच्या जागा एकमेकांच्या सापेक्ष पुन्हा काढाव्या लागतात. शेजारी झालेल्या दोन भूकंपांच्या लहरी जवळजवळ एकाच वाटेने केंद्रापर्यंत येतात. त्यांच्या आगमनांतला फरक घेतला की वाटेतल्या खडकाबद्दलची चूक दोन्हींकडून वजा होते. आधी किमीभर पसरलेला ठिपक्यांचा ढग मग एका पातळ उभ्या पात्यासारखा दिसतो.

याच डोंगरात पुढचे दोन उद्रेक झाले. २०२२ मध्ये ३० जुलैला भूकंप सुरू झाले, ३ ऑगस्टला लाव्हा. २०२३ मध्ये ४ जुलैला भूकंप, १० जुलैला लाव्हा. ताण आधीच बराच निघून गेलेला असल्याने वाट मोकळी होती.

दिवस तिसरा : ग्रिंडाविक आणि स्वार्त्सएंगी

कालच्या डोंगरापासून हे मासेमारी बंदर जवळ आहे. गावात जाता येतं, पण रस्ता आणि फरसबंदी सोडून उघड्या जमिनीवर चालू नये, खाली न दिसणाऱ्या भेगा आहेत. जाण्याआधी त्या दिवसाचा धोक्याचा नकाशा आणि बाहेर पडायचे रस्ते पाहून ठेवावेत, गाडी बाहेर जाण्याच्या दिशेने तोंड करून लावावी आणि फोन चालू ठेवावा.

१० नोव्हेंबर २०२३ ला दुपारनंतर सुंडनुकुर विवरांच्या ओळीजवळ भूकंपांचा भडिमार सुरू झाला. संध्याकाळी ते नैऋत्येकडे सरकत गावाखाली आले आणि त्याच रात्री सुमारे ३,८०० लोकांचं गाव रिकामं केलं गेलं. हा निर्णय भूकंपांच्या सरकण्यावरूनच शक्य झाला. सुमारे १५ किमी लांबीची डाइक काही तासांत भरली. नंतरच्या गणितांनुसार ऐन भरात शिलारसाचा प्रवाह सेकंदाला ७,४०० घनमीटरपर्यंत गेला होता. गावाच्या पश्चिम भागातून जाणारी जमिनीची पट्टी मीटरहून जास्त खचली. लाव्हा मात्र त्या रात्री आला नाही, तो आला १८ डिसेंबरला.

पुढच्या उद्रेकांच्या मुदती एकापुढे एक मांडल्या की इथली खरी अडचण दिसते. १८ डिसेंबर : रात्री नऊच्या सुमारास भूकंप, १०:१७ ला लाव्हा. १४ जानेवारी २०२४ : पहाटे तीनला भूकंप, ७:५७ ला लाव्हा. दुपारी गावाच्या कडेलाच दुसरी भेग उघडली आणि तीन घरं गेली. ८ फेब्रुवारी : पहाटे साडेपाचला भूकंप, सहा वाजून गेल्यावर दोन-तीन मिनिटांत लाव्हा. म्हणजे पाच तासांपासून अर्ध्या तासापर्यंत. वाट एकदा फाटली की पुढच्या वेळी खडक तोडायला उरत नाही. भूकंप कमी होतात, उशिरा होतात आणि मुदत आखडते.

म्हणून इथे मुदतीचा अंदाज दोन टप्प्यांत बांधला जातो. आठवड्यांचा अंदाज जमिनीच्या फुगण्यावरून. गावाच्या उत्तरेला स्वार्त्सएंगी हे भूऔष्णिक वीजकेंद्र आहे, त्याच्याखाली चार-पाच किमीवर शिलारस साठतो. मागच्या वेळी जेवढा बाहेर गेला तेवढा पुन्हा भरत आला की पुढची घटना जवळ आली असं धरतात. मिनिटांचा अंदाज भूकंपांवरून, पण एकट्या भूकंपांवरून नाही. वीजकेंद्राच्या भूऔष्णिक विहिरींमधला दाब डाइक सुटताच बदलतो. द्वीपकल्पावरच्या सुमारे १०० किमी लांबीच्या दूरसंचार फायबरमध्ये लेसरचे स्पंद सोडून केबल कुठे ताणली जातेय ते मिनिटामिनिटाला मोजता येतं. लहान भूकंपांची सर, विहिरींचा दाब, फायबर आणि जीपीएस एकाच बाजूला बोट दाखवू लागले की थांबायचं कारण उरत नाही. वादळात हे सगळं आणखी महत्त्वाचं होतं. जोराच्या वाऱ्यात १ च्या खालचे भूकंप आवाजात बुडतात, आणि अर्ध्या तासाच्या मुदतीतली पहिली दहा मिनिटं त्याच भूकंपांची असतात.

फसलेल्या हाकाही लक्षात ठेवाव्यात. २ मार्च २०२४ ला भूकंप झाले, डाइक सुटली, स्वार्त्सएंगी रिकामं केलं आणि शिलारस आतच थांबला. १ एप्रिल २०२५ ला सुमारे २० किमी लांब डाइक गेली, लाव्हा मात्र काही तासच वाहिला. भूकंपांची संख्या आणि लाव्हाचं प्रमाण यांचा इथे सरळ संबंध नाही. 'चुकीचा इशारा' हे अशा वेळी लावलं जाणारं विशेषण आम्हाला पटत नाही. शिलारस निघाला होता आणि भूकंपांनी ते बरोबर सांगितलं होतं.

दिवस चौथा : हेक्ला

हेक्लाची उंची सुमारे १,४९० मीटर. डोंगराळ एफ २२५ रस्त्याने उंच चाकांची गाडी नेता येते, तिथून माथ्यापर्यंत चढायला तीन-चार तास लागतात, उतरायला दोन-तीन. हे आकडे पुढच्या आकड्यांशेजारी ठेवून वाचावेत.

हेक्ला दोन उद्रेकांमध्ये जवळजवळ गप्प असतो. १९७०, १९८०, १९९१ आणि २००० चे उद्रेक बघितले तर आधी आठवडे चालणाऱ्या भूकंपमालिका नाहीत. लहान भूकंप सुरू झाले की साधारण अर्धा तास ते सव्वा तासात उद्रेक. २६ फेब्रुवारी २००० ला संध्याकाळी पाचच्या सुमारास डोंगराखाली बारीक भूकंप उमटू लागले. मग विहिरीत बसवलेल्या ताणमापकांनी खडक दाबला जात असल्याचं दाखवलं. त्यातलं सगळ्यात जवळचं बुरफेलला, सुमारे १५ किमीवर आहे. भूकंप आणि ताण दोन्ही जुळल्यावर खात्याने उद्रेक काही मिनिटांत होईल असं जाहीर केलं आणि सव्वासहानंतर तो झाला. तासाभराच्या मुदतीत इतकी नेमकी सूचना देणं ही मोठी कामगिरी होती. पण माथ्यावर असलेल्या माणसाला ती पुरत नाही. पायथ्याशी लावलेला फलकही हेच सांगतो. फोनवर सूचना येईल, पण खाली उतरायला वेळ मिळेलच असं नाही. आमच्या मते हेक्ला पायथ्यावरून पाहावा. चढायचंच असेल तर फोनला रेंज नसलेल्या दिवशी चढू नये आणि निघण्याआधी त्या भागातल्या शेवटच्या ४८ तासांच्या भूकंपांची यादी पाहावी. पाच-सात बारीक भूकंप इतर ज्वालामुखींवर रोजचे असतात, इथे नसतात.

अशा डोंगरासाठी केंद्र जवळ हवं आणि ते बिनचूक चालायला हवं. रस्त्याच्या कडेला सौर पाटी, छोटी पवनचक्की आणि पेटी दिसली तर जवळपासच्या जमिनीखाली संवेदक आहे असं समजावं. तिथून लांब राहावं, पावलांचीही नोंद होते. केंद्र बसवताना आधी पक्का खडक शोधतात. सुट्या राखेवर बसवलेलं यंत्र वाऱ्याने डोलणारी जमीनच मोजत राहतं. अर्धा ते एक मीटर खणून, खडकाला चिकटलेला सिमेंटचा सपाट ओटा करून त्यावर संवेदक ठेवतात, पातळीचा बुडबुडा मधोमध आणतात आणि उत्तरेची खूण खऱ्या उत्तरेला लावतात. होकायंत्राची उत्तर तशीच घेतली तर आडव्या दिशांची नोंद तिरपी होते. ज्वालामुखी खडक चुंबकीय असल्याने होकायंत्र आणखी भरकटतं. वर उष्णतारोधक आच्छादन, झाकण आणि माती. घड्याळ जीपीएसवरून लावतात. घड्याळ दशांश सेकंदाने चुकलं तर भूकंपाची जागा सुमारे ६०० मीटर हलते. नादुरुस्तीची कारणं ठरलेली असतात : खड्ड्यात झिरपलेलं पाणी, पाटीवरचा बर्फ, हिवाळ्यात न भरलेली बॅटरी, वाऱ्याने हलणाऱ्या खांबाची थरथर. शेवटचं टाळायला खांब संवेदकापासून दूर रोवायचा.

दिवस पाचवा : हेइमाएय

लांडएयाहोफ्न बंदरातून मोठी होडी सुमारे ४० मिनिटांत बेटावर पोहोचवते. समुद्र खराब असेल तर ती दुसऱ्या बंदरातून सुटते आणि वेळ बराच वाढतो, म्हणून आदल्या रात्री चौकशी करावी.

२३ जानेवारी १९७३ ला पहाटे दोनच्या आत गावाच्या पूर्व कडेला सुमारे १,६०० मीटर लांब भेग उघडली. वादळामुळे सगळी मासेमारी नावं बंदरात होती, म्हणून सुमारे ५,३०० लोक त्याच रात्री सुटले. भूकंप एक दिवसाहून आधी सुरू झाले होते, पण गावात कोणाला जाणवावेत इतके मोठे नव्हते आणि दक्षिण आइसलंडमध्ये तेव्हा मोजकीच केंद्रं होती. नोंद होती, जागा आणि अर्थ ठरवण्याइतकी ती दाट नव्हती. एल्डफेलच्या सुमारे २०० मीटर उंच शंकूवर चढायला फार वेळ लागत नाही. वरून गाव, बंदर आणि लाव्हाने वाढवलेली किनारपट्टी एकदम दिसते. आज त्याच आकाराचे भूकंप झाले तर काही मिनिटांत नकाशावर येतात. फरक फक्त केंद्रांच्या संख्येचा आहे.

दिवस सहावा : एयाफ्यात्लायोकुत्ल आणि काटला

वीक गावाकडे जाताना डावीकडे पहिला हिमाच्छादित ज्वालामुखी एयाफ्यात्लायोकुत्ल. १९९४ आणि १९९९ मध्ये त्याखाली भूकंपमालिका झाल्या आणि उद्रेक झाला नाही, शिलारस आडवा पसरून थांबला. २०१० च्या मार्चमध्ये दिवसाला हजारपर्यंत भूकंप झाले आणि २० मार्चच्या रात्री डोंगराच्या कुशीत उद्रेक झाला. भूकंपांनी आठवडे इशारा दिला, पण प्रत्यक्ष क्षण पुन्हा माणसांच्या डोळ्यांनीच टिपला. १३ एप्रिलच्या रात्री माथ्याखाली वेगळी लहान मालिका सुरू झाली आणि १४ च्या पहाटे बर्फाखाली उद्रेक. त्याच्या राखेने युरोपातली सुमारे एक लाख उड्डाणं रद्द झाली.

शेजारच्या मीरडाल्सयोकुत्ल हिमनदीखाली काटला आहे. शेवटचा मोठा उद्रेक १२ ऑक्टोबर १९१८ ला झाला. आधी धक्के जाणवले आणि काही तासांतच वितळलेल्या बर्फाचा प्रचंड पूर समुद्राकडे गेला. इथे मुदत लाव्हापेक्षा पुरासाठी लागते, कारण मुख्य रस्ता आणि वस्ती पुराच्या वाटेत आहेत.

काटलाच्या नोंदी वाचताना ऋतू लक्षात घ्यावा लागतो. पश्चिमेच्या गोदाबुंगा भागात उन्हाळ्याच्या शेवटी आणि शरद ऋतूत दीर्घ आवर्तनाचे भूकंप वाढतात. वितळलेलं पाणी आणि बर्फाची हालचाल यांचा त्यात हात आहे. ऑक्टोबरमधली वाढ मार्चमधल्या वाढीइतकी घाबरवणारी नसते. तुलना नेहमी मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करावी.

९ जुलै २०११ चं उदाहरण इथे उभं राहून समजतं. रात्री ट्रेमर वाढला, मूलाकविस्ल नदीला पूर आला आणि मुख्य रस्त्यावरचा पूल वाहून गेला. पृष्ठभागावर राख किंवा उद्रेक दिसला नाही. थरथर खरी होती, पण ती शिलारसाची की पाण्याची, हे फक्त ट्रेमरवरून ठरत नाही. नदीची पातळी आणि पाण्याची विद्युतवाहकता सोबत बघावी लागते. ज्वालामुखीच्या उष्णतेतून आलेलं पाणी क्षारयुक्त असल्याने वाहकता चढते. इथे नदीकाठी गंधकाचा वास आला तर थांबून फोटो काढू नयेत.

दिवस सातवा : एगिल्सस्टाडिरपर्यंत

दिवसभर गाडी. वीकहून मुख्य रस्त्याने सुमारे पाचशे किमी, वाऱ्याचा इशारा असेल तर दोन दिवस करावेत.

दिवस आठवा : क्राफ्ला

मीवात्न सरोवराच्या उत्तरेला क्राफ्ला. लेइर्नुकुरच्या वाटेवर १९७५ ते १९८४ चा लाव्हा अजून जागोजागी कोमट आहे. फळ्यांची वाट सोडू नये, गरम चिखलावरचा पापुद्रा पातळ असतो.

इथे अंदाजाचं शास्त्र कारखान्यासारखं रोज चाललं. नऊ वर्षांत नऊ उद्रेक आणि त्याशिवाय अनेक वेळा डाइक आतल्या आत गेली. बांधकाम चालू असलेल्या वीजकेंद्रात पाण्याच्या नळीचं कलमापक बसवलेलं होतं. शिलारस साठत असताना जमीन आठवडेच्या आठवडे फुगायची आणि भूकंप हळूहळू वाढायचे. मग अचानक कल उलटायचा, जमीन खचू लागायची, त्याच वेळी सतत थरथर सुरू व्हायची. कल उलटणं आणि ट्रेमर सोबत आले की डाइक सुटली. मग भूकंप कुठे सरकतात ते बघायचं, उत्तरेला की दक्षिणेला. सप्टेंबर १९७७ आणि जुलै १९७८ च्या घटनांत भूकंपांचं टोक सुरुवातीला सेकंदाला साधारण अर्धा मीटर, म्हणजे ताशी १.८ किमी वेगाने सरकलं. माणसाच्या चालण्याहून हळू. म्हणजे १० किमीवरच्या वस्तीला काही तास मिळतात.

८ सप्टेंबर १९७७ ला भूकंप दक्षिणेला, बियार्नारफ्लागच्या भूऔष्णिक विहिरींकडे गेले. रात्री ११३८ मीटर खोल विहिरीतून शिलारस वर आला आणि सुमारे तीन टन खंगर बाहेर फेकलं गेलं. डाइक तिथे पोहोचली होती, याचा यापेक्षा थेट पुरावा मिळणं कठीण.

विटी विवराच्या काठावरून आणखी एक गोष्ट समजून घ्यावी. एस लहर द्रवातून जात नाही. क्राफ्लाखालून आलेल्या भूकंपांत काही केंद्रांवर एस गायब व्हायची. तिच्या सावल्या मांडून १९७० च्या दशकात सुमारे ३ किमीखाली शिलारसाचं कोठार असल्याचं दाखवलं गेलं. तरी २००९ मध्ये आयडीडीपी-१ ही खोल विहीर खणताना २,१०४ मीटरवरच शिलारस लागला. तो लहान साठा कोणत्याही नोंदीत दिसला नव्हता. लहरींची लांबी शेकडो मीटर असली की त्याहून लहान गोष्टी त्यांना दिसत नाहीत.

दिवस नववा : होलुह्रॉइन

एफ ८८ रस्ता उन्हाळ्यातच उघडतो आणि त्यावर ग्राफारलांडाआ आणि लिंडाआ या नद्या गाडीने ओलांडाव्या लागतात. चारही चाकं फिरणारी उंच गाडी हवी. पाणी सकाळी कमी असतं, कारण बर्फ दुपारी वितळतो. भाड्याच्या गाडीचा विमा नदीतलं नुकसान सहसा भरत नाही. ड्रेकीच्या पर्यटक निवाऱ्यापासून पुढे एफ ९१० ने २०१४ च्या लाव्हाच्या काठापर्यंत जाता येतं.

१६ ऑगस्ट २०१४ ला पहाटे बाउर्डारबुंगा या ज्वालामुखीच्या बर्फाखाली भूकंप सुरू झाले. ठिपके आधी विवरापासून आग्नेयेला गेले, मग वळून ईशान्येला. दोन आठवड्यांत ते ४५ किमीहून जास्त पुढे आले. वाटेत टोक तासन्‌तास, कधी दिवसभराहून जास्त थांबलं, मागे दाब साठला आणि मग झपाट्याने पुढे निघालं. थांबलेलं टोक म्हणजे संपलेली डाइक नव्हे, हे इथे सगळ्यांनी पाहिलं. भूकंप बहुतेक ५ ते ८ किमी खोल होते. २३ ऑगस्टला ट्रेमर वाढल्यावर बर्फाखाली छोटा उद्रेक सुरू झाल्याचं जाहीर करून विमानांसाठीच्या इशाऱ्याचा रंग लाल केला गेला. दुसऱ्या दिवशी बर्फावर पुरावा न दिसल्याने तो नारिंगी झाला. २९ ऑगस्टच्या मध्यरात्रीनंतर चार तासांचा छोटा उद्रेक आणि ३१ ला मुख्य. २७ फेब्रुवारी २०१५ पर्यंत सुमारे ८४ चौरस किमी जमीन झाकली गेली.

शिलारस बाजूने निघून गेल्यावर विवराचा तळ सुमारे ६५ मीटर खचला आणि त्याच्या कडेवर ५ पेक्षा मोठे सत्तरहून अधिक भूकंप झाले. उद्रेक संपल्यानंतरही त्याच कडेवर भूकंप होत राहिले, पण उलट दिशेचे. पी लहरीची पहिली हालचाल जिथे आधी खाली होती तिथे ती वर दिसू लागली. तळ आता वर ढकलला जातोय, खाली पुन्हा भरणी सुरू आहे. १४ जानेवारी २०२५ ला सकाळी तिथे ५ च्या वरच्या भूकंपासह दाट मालिका झाली आणि उद्रेक झाला नाही. पुढच्या वेळी अशी मालिका आली तर आम्ही तीन गोष्टी या क्रमाने बघू : ठिपके कडेवरच गोल राहतात की एका बाजूने रांग धरतात, ती रांग तासागणिक सरकते का, आणि विवरावरचं जीपीएस वर जायचं थांबून खाली येऊ लागलं का.